माया आहे, पण झाकण कुठं आहे?

महाड आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर चुलीपाशी बसून, भाकऱ्या थापता थापता, किंवा गटाच्या बैठकीत मधोमध मोबाईल ठेवून हे बोलणं ऐकणाऱ्या सगळ्या ताया, वहिन्या आणि आज्यांना आमच्या गटांचा नमस्कार.

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांवर बोललो होतो. आज हप्ता नाही, रजिस्टर नाही, पापड-कुरडयाही नाहीत. आज आम्हाला एका बापाबद्दल बोलायचं आहे. हा बाप खरा नाही, चित्रातला आहे. पण तो आमच्या वाडीत आला आणि इथलाच झाला, म्हणून त्याची गोष्ट तुम्हाला सांगतो.

गेल्या गणपतीतली गोष्ट. चाकरमानी आले होते, घरं भरलेली. रात्री जागरणाला आम्ही बायका ओटीवर बसलो होतो. आमच्यातल्या एका ताईंचा मुंबईत शिकणारा भाचा कोपऱ्यात मोबाईल बघून एकटाच हसत होता. आम्ही म्हटलं, "एकटा काय हसतोस? आम्हाला पण दाखव की." तो म्हणाला, "मावशी, इंग्रजी आहे, तुम्हाला नाही कळायचं." आम्ही म्हटलं, "तू सांग मराठीत, आम्ही चित्र बघतो." मग त्याने मोबाईल पाटावर टेकवून ठेवला आणि आम्ही दहा-बाराजणी त्याच्याभोवती जमलो.

ते कार्टून होतं 'द सिम्पसन्स'. अमेरिकेतलं. १९८९ सालापासून चालू आहे आणि आजवर त्याचे साडेसातशेहून जास्त भाग झालेत. मॅट ग्रेनिंग नावाच्या चित्रकाराने ते काढलं. घरातल्या माणसांना नावं काय द्यायची, तर त्याने आपल्याच घरातली दिली. बापाचं नाव होमर, आईचं मार्ज, मुलींची लिसा आणि मॅगी. मुलगा बार्ट, तेवढं नाव मात्र बाहेरचं. सगळी माणसं हळद लावल्यासारखी पिवळी. आईचे केस निळे आणि डोक्यावर उभी हंडी ठेवावी तेवढे उंच. बाप टकला, ढेरपोट्या, सारखा खात असतो. मेदूवड्यासारखा दिसणारा एक गोड पाव असतो, त्याला डोनट म्हणतात, तो त्याचा जीव की प्राण.

आता गंमत ऐका. हा होमर काम कुठं करतो? अणुवीज केंद्रात. आणि कसलं काम? सुरक्षा निरीक्षकाचं! म्हणजे सगळ्या गावाचा जीव ज्याच्या लक्ष ठेवण्यावर, तो माणूस कामावर झोपा काढतो. कार्टूनच्या सुरुवातीलाच दाखवलंय, सुट्टीचा भोंगा होतो आणि घरी जायच्या घाईत एक चमकणारी विषारी कांडी त्याच्या सदऱ्यात अडकते. गाडी चालवताना पाठीला टोचतंय म्हणून तो ती काढतो आणि खिडकीतून रस्त्यावर फेकून देतो. पुढं कोण येतंय, कोणाचं पोर खेळतंय, काही बघत नाही. घरी जायचंय ना, पोरंबाळं वाट बघत असतील!

आमच्यातली एकजण पटकन म्हणाली, "अगं बाई, हे तर आमच्या पोरांचे बाबा!" आणि जो हशा पिकला, की आतून म्हातारी माणसं बघायला बाहेर आली.

मग भाच्याने आम्हाला एक जुना भाग दाखवला, १९९० सालचा. मुलगा बार्ट दहा वर्षांचा. त्याच्या डोक्यात खूळ शिरतं, की चाकांच्या फळीवर उभं राहून गावाबाहेरची दरी उडी मारून ओलांडायची. बाप घाबरतो. शिक्षा करून बघतो, समजावून बघतो, पोरगं ऐकत नाही. शेवटी बाप काय करतो, तर म्हणतो, "थांब, तू नको, मीच उडी मारतो. मग तुला कळेल आपल्या माणसाला असं बघताना कसं वाटतं." पोरगं रडतं, म्हणतं, "बाबा, नको, मी पुन्हा असं करणार नाही." दोघं गळ्यात पडतात. आमच्या पण डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात तो फळीवर उभा असतो ना, ती फळी उताराला लागते आणि होमर खरंच दरीत जातो. दगडांवर आपटत आपटत खाली. त्याला वर काढतात, रुग्णवाहिकेत घालतात. रुग्णवाहिका झाडाला धडकते, मागचं दार उघडतं आणि खाटेसकट हा पुन्हा त्याच दरीत!

आम्ही हसून हसून वेड्या झालो. एका आजीने मात्र विचारलं, "मेला का गं तो?" भाचा म्हणाला, "नाही आजी, पुढच्या आठवड्यात पुन्हा धडधाकट." आजी म्हणाली, "मग बरं आहे. आपल्या आंबेनळीत पडला असता तर?"

हसणं तिथंच थांबलं. आंबेनळी घाट आपल्या पोलादपूरचा. २०१८ च्या जुलैमध्ये दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या माणसांची बस त्या दरीत गेली आणि एकच जण जिवंत वर आला, हे आपल्याकडे कोणाला सांगावं लागत नाही. आपण दऱ्यांच्या मुलखातली माणसं. आपल्याला दरी म्हणजे काय ते ठाऊक आहे.

पण त्या रात्री आम्ही विषय तिथंच सोडला आणि फुगड्या घालायला उठलो. 'होमर' हे नाव मात्र आमच्यात राहिलं. पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली, सह्या झाल्या आणि कोणीतरी म्हणालं, "चला, आता आपापल्या घरातल्या होमरची गोष्ट सांगा."

काय काय गोष्टी निघाल्या! एकीचे मालक तीन वर्षांच्या पोराला मोटारसायकलच्या टाकीवर बसवतात आणि हँडल त्याच्या हातात देऊन म्हणतात, "चालव राजा, तूच चालव." स्वतःचं हेल्मेट कोपरात अडकवलेलं, पोलीस दिसला की डोक्यावर! दुसरीचे मालक पहिल्या पावसात पोरांना घेऊन वलगणीचे मासे धरायला जातात. ओढा वरून कसा येतोय याचं भान नाही. पोराला पाण्यात उभं करून हे स्वतः टोपलं आणायला घरी आले आणि इथं चहा प्यायला बसले. तिसरीच्या घरी विहिरीत कळशी पडली, तर बापाने सात वर्षांच्या पोराच्या कमरेला दोर बांधून त्याला खाली सोडलं, कारण "तो हलका आहे, पटकन वर ओढता येतो." चौथीच्या घरी पिन तुटलेली, म्हणून वायरची दोन टोकं सोलून काडेपेटीच्या काडीने बोर्डात खुपसलेली. आणि पाचवीचे मालक एमआयडीसीत कामाला. चार मार्चला, राष्ट्रीय सुरक्षा दिनाला, त्यांनी शपथ घेतली. कंपनीने कामगारांच्या मुलांची चित्रकला ठेवली होती. त्यांच्या मुलीने हेल्मेट घातलेल्या माणसाचं चित्र काढून बक्षीस मिळवलं. आणि ते बक्षीस हातात धरून ती बापाच्या गाडीवरून घरी आली, टाकीवर बसून, दोघंही उघड्या डोक्याने!

ह्या पाचव्या गोष्टीला आम्ही सगळ्यात जास्त हसलो. हे आज आम्हाला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढची गोष्ट त्याच घरातली आहे. नाव सांगत नाही. पण त्या दोघांनी, आईने आणि बापाने, ही गोष्ट रेडिओवर सांगा असं स्वतः म्हटलं, म्हणून सांगतो.

दिवाळीची साफसफाई चालली होती. संडास-मोरी स्वच्छ निघावी म्हणून ते कोणाकडून तरी कॉस्टिकचं पाणी घेऊन आले. पाण्याच्याच बाटलीत. दिसायला पाण्यासारखंच, ना रंग, ना फेस. बाटलीचं झाकण कुठं पडलं होतं, म्हणून तोंडाला कागदाचा बोळा लावला आणि बाटली मोरीच्या कट्ट्यावर ठेवली. ताई म्हणाली, "झाकण लावा आणि वर ठेवा." ते म्हणाले, "सकाळी लगेच वापरायचंय. उगाच कटकट नको." ताई दुसऱ्यांदा म्हणाली. ते हसले आणि मुलीला म्हणाले, "बघ, तुझी आई म्हणजे आपली सेफ्टी ऑफिसर." मुलगी हसली. ताईपण हसली आणि झोपायला गेली.

सकाळी उन्हातून खेळून आलेल्या पोरीने कट्ट्यावरची बाटली उचलली आणि तोंडाला लावली. एकच घोट. ती ओरडलीसुद्धा नाही, असं ताई सांगते. नुसती बाटली हातातून पडली.

पोरगी आज आपल्यात आहे. पण तिची अन्ननलिका आतून भाजली. दोन महिने नळीने दूध घातलं. भाजलेली जागा भरताना आकसते, म्हणून ती रुंद करायला तिला परत परत मुंबईला न्यावं लागतं. त्या वाऱ्यांसाठी गटातून दोनदा अंतर्गत कर्ज दिलं. अजून ती भाकरीचा तुकडा गिळू शकत नाही. मऊ भात, पेज, केळं कुस्करून. दिवाळीला चकलीचा वास आला की बाहेर जाऊन बसते.

आणि बाप? त्या बापासारखा मायाळू बाप आमच्या वाडीत दुसरा नाही. दवाखान्यात तो पोरीच्या पायाशी बसून राहिला. दोन घास खायला सांगितलं तर म्हणाला, "तिला गिळता येत नाही, मी कसा गिळू?" तो आम्हाला पुढं म्हणाला ते ऐका. "कंपनीत त्याच कॉस्टिकच्या पिंपावर हात जळतानाचं चित्र आहे. हातमोजे, चष्मा, तोंडावर काच, एवढं घातल्याशिवाय आम्ही त्याच्याजवळ जात नाही. चुकून गेलो तर सुपरवायझर हाकलतो. तेच पाणी मी घरी पोरीच्या हाताशी ठेवलं."

मैत्रिणींनो, त्या दिवसापासून आम्हाला होमरचं हसू येईना. पण आम्ही त्याचा विचार मात्र पुष्कळ केला. तो विचार तुमच्यापुढं ठेवतो.

विनोदातला वेंधळा बाप आपल्याला नवीन नाही. आपल्या चिं. वि. जोशींचे चिमणराव आठवा. मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी केलेले चिमणराव आपल्या आयांनी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बघितले असतील. बायको काऊ, मुलं मोरू, मैना, राघू, आणि करायला जावं एक, व्हावं भलतंच. तिथंही बाप मायाळू आणि वेंधळा. पण चिमणरावांची फजिती होते तेव्हा जाते ती त्यांची अब्रू, पोरांचा जीव जात नाही. ह्या कार्टूनमध्ये पोरांचा जीवच पणाला लागतो आणि तरी आपण हसतो. का हसतो? कारण आपल्याला माहीत असतं की काही होणार नाही. चित्रातलं पोर पुसून पुन्हा काढता येतं. बार्ट १९८९ साली दहा वर्षांचा होता, आजही दहाच वर्षांचा आहे. खरा असता तर चाळिशी ओलांडून स्वतः बाप झाला असता. त्याच्या अंगावर एकही व्रण नाही. आपल्या पोरांच्या अंगावर व्रण राहतात. दर आठवड्याला नवीन भाग सुरू होतो तसा आपल्या घरी होत नाही, आपल्याकडे तोच भाग पुढं चालतो.

दुसरी गोष्ट. होमर दुष्ट नाही. दारू पितो, आळशी आहे, रागाच्या भरात पोराचा गळा धरतो. हा गळा धरण्याचा विनोद कित्येक वर्षं चालला. २०२३ साली एका भागात तो म्हणाला की आता मी तसं करत नाही, काळ बदललाय, तर त्याची जगभर बातमी झाली. एवढं असूनही पोरांवर त्याचा जीव आहे. १९९५ सालच्या एका भागात दाखवलंय, की त्याने अणुवीज केंद्रातली नोकरी आनंदाने सोडलेली असते. पण धाकट्या मॅगीच्या वेळी दिवस राहतात आणि तो मान खाली घालून पुन्हा त्याच नोकरीवर जातो. मालक त्याला जिरवायला समोर पाटी लावतो, की तू आता इथंच कायमचा. होमर त्या पाटीवर मॅगीचे फोटो अशा बेताने चिकटवतो, की काही अक्षरं झाकली जातात आणि उरलेल्या अक्षरांचा अर्थ होतो, "तिच्यासाठी कर."

बघा, आपलेही बाप असेच नाहीत का? एमआयडीसीत तीन पाळ्यांत राबतात, डोळे चुरचुरत घरी येतात. कोणी मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत आठजण राहून पैसे पाठवतात. ते पोरांसाठीच. माया नाही असं कोण म्हणेल? पण माया मनात असते आणि बाटली कट्ट्यावर असते. बाटलीला माया कळत नाही, तिला झाकण लागतं. आम्ही इतकी वर्षं एवढंच म्हणत आलो की "त्यांचा जीव आहे हो पोरांवर," आणि तिथंच थांबलो. जीव आहे म्हणून माफ. खरं तर ज्याचा जीव आहे त्यालाच सांगता येतं, कारण तो ऐकण्यातला असतो.

तिसरी गोष्ट, आईची. त्या कार्टूनमध्ये मार्ज सारखी घशातून गुरगुरल्यासारखा आवाज काढते, नवऱ्याला अडवते, आणि लोक तिला हसतात, कारण ती मजा बिघडवते. आपल्या घरी कोण? आपणच. झाकण लावा म्हटलं की कटकट. पोराला पुढं बसवू नका म्हटलं की भित्री. त्या ताईने दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा सांगायची तिला लाज वाटली, कारण पोरीसमोर तिचा विनोद झाला होता. आणि बैठकीत त्या टाकीवरच्या गोष्टीला आम्हीही हसलो होतो. म्हणजे आम्हीही तिला तेच सांगितलं, की हे हसण्यावारी न्यायचं आहे. हे आमच्या मनाला लागलेलं आहे.

पण म्हणून सगळा दोष पुरुषांवर टाकून आपण मोकळ्या होऊ नये. त्या कार्टूनच्या सुरुवातीलाच मार्जसुद्धा दुकानात सामानाबरोबर बाळ गल्ल्याच्या पट्ट्यावर ठेवते आणि किराणा मोजताना बाळही मोजलं जातं! आपणही आंघोळीचं उकळतं पाणी बादलीत काढून थंड पाणी आणायला जातो. उंदराची पेस्ट पावाला लावून माळ्याऐवजी कणगीखाली ठेवतो. काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो, त्यावर उतारा नाही. बाळ पाळण्यात टाकून नदीवर धुणं धुवायला जातो. एमआयडीसीतले केमिकलचे निळे पिंप आणि कॅन स्वस्त मिळतात म्हणून आपणच प्यायचं पाणी त्यात भरतो. झाकण आपलंही कधी कधी हरवलेलं असतं.

मग आम्ही काय केलं? पुरुषांना बैठकीला बोलवायचं ठरवलं. पण "तुमच्या चुका सांगतो" म्हटलं तर कोण येणार? आम्ही निरोप दिला, की कंपनीत सुरक्षितता कशी ठेवतात ते आम्हाला बायकांना शिकवा. मग आले! पंचवीस-तीसजण आले. पिंपावरची चित्रं काय सांगतात, हातमोजे कधी घालायचे, उंचावर काम करताना पट्टा कसा बांधायचा, सगळं छान शिकवलं. मग आम्ही एकच प्रश्न विचारला, "हे घरी का नाही?" सगळे गप्प. शेवटी तो बाप उठला, ज्याच्या पोरीची गोष्ट मघाशी सांगितली. तो म्हणाला, "कंपनीत नियम आहे, बघणारा आहे, पगार कापला जातो. घरात आपणच साहेब, आपल्याला कोण विचारणार?" एवढं बोलून तो खाली बसला. त्यानंतर कोणाला भाषण करावं लागलं नाही.

माणूस तोच. कंपनीत सावध, घरी बेफिकीर. म्हणजे स्वभावाला औषध नाही असं म्हणून भागणार नाही. घरात नियम नाही, तो करायला हवा. आमच्या वाडीने जे नियम केले ते सांगतो, लिहून घ्या.

पहिला नियम. खाण्यापिण्याच्या बाटलीत दुसरं काहीही भरायचं नाही. फवारणीचं औषध, रॉकेल, ॲसिड, कॉस्टिक, थिनर, जे असेल ते त्याच्याच डब्यात, झाकण घट्ट, आणि मोठ्या माणसाने हात वर केल्यावर पोचेल अशा जागी, कुलपात ठेवता आलं तर उत्तम. केमिकलच्या पिंपात प्यायचं पाणी नाही.

दुसरा. तरीही पोराने असं काही प्यायलं, तर उलटी करवायची नाही. जे आत जाताना जाळतं ते बाहेर येताना पुन्हा जाळतं, आणि रॉकेल तर उलटीबरोबर फुप्फुसात जातं. मिठाचं पाणी, लिंबू, तेल काही पाजायचं नाही. तोंड पाण्याने धुवायचं, ओठ-गाल पुसायचे, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून भरपूर पाणी ओतायचं, १०८ ला फोन करायचा आणि ती बाटली बरोबर न्यायची. डॉक्टरांना बाटली बघून वेळ वाचतो.

तिसरा, गाडीचा. पोराला टाकीवर बसवायचं नाही. ब्रेक लागला की ते सरळ हँडलवर आपटतं. कायद्याने चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं. नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालवणाऱ्याला बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या आत. चालवणाऱ्याच्या मागे एकच माणूस. आणि अठराच्या आतल्या पोराच्या हातात गाडीची किल्ली दिली आणि त्याने कायदा मोडून गाडी चालवली, तर बापाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. "माझा बारक्या बघा कसा चालवतो" हे कौतुक तेवढं महाग आहे.

चौथा, पाण्याचा. वलगणीला जायचं असेल तर मोठ्यांनी जायचं, पोरं काठावर, आणि काठावर एक मोठं माणूस फक्त पोरांकडे बघायला. आपल्या सावित्रीचा उगम महाबळेश्वरला आहे. इथं ऊन असलं तरी वर पाऊस कोसळत असतो आणि पाणी सांगून येत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ह्याच सावित्रीने महाडजवळचा जुना दगडी पूल एसटी गाड्यांसकट नेला. जे पाणी पूल नेतं त्यात सात वर्षांचं पोर किती वेळ उभं राहील? विहिरीत पोराला सोडायचं नाही, कळशी गेली तर गेली. आणि घरातली पाण्याने भरलेली बादलीसुद्धा रांगत्या बाळाला पुरते, ती रिकामी करून पालथी घालायची.

पाचवा नियम सगळ्यात महत्त्वाचा. घरातल्या कोणीही, बायको असो, आजी असो की सहा वर्षांचं पोर, "हे धोक्याचं आहे" असं म्हटलं, की आधी हात थांबवायचा, मग बोलायचं. कटकट म्हणायचं नाही, हसायचं नाही. कंपनीत कोणी "थांब" ओरडलं तर आपण आधी थांबतो आणि मग विचारतो, तसंच.

आता काही ताया विचारतील, की मग पोरांना असली कार्टून दाखवावी की नाही? होमरचं कार्टून तसं लहान पोरांसाठी नाहीच, मोठ्यांसाठी काढलेलं आहे. पण मोबाईल घरोघरी आहे, कुठलं ना कुठलं कार्टून पोरं बघणारच. आम्ही बंदी घातली नाही. जवळ बसतो, त्यांच्याबरोबर हसतो, आणि नंतर एकच विचारतो, "आपल्या वाडीत असं झालं असतं तर पुढं काय झालं असतं?" पोरं खूप शहाणी असतात. एका पोराने उत्तर दिलं, "पहिल्यांदा पडला तेव्हाच संपला असता. दुसऱ्यांदा पडायला उरलाच नसता." त्याच पोराने संध्याकाळी बापाला गाडीवर बसताना विचारलं, "बाबा, माझं हेल्मेट?" बाप काय बोलणार! पुढच्या शनिवारी महाडच्या बाजारातून घेऊन आला.

शेवटी त्या घरात काय चाललंय ते सांगतो, म्हणजे तुमच्या जिवाला घोर राहणार नाही. पोरगी शाळेत जाते. मुंबईच्या वाऱ्या चालू आहेत, पण दोन वाऱ्यांमधलं अंतर वाढलंय. गेल्या महिन्यात तिने दुधात भिजवलेली भाकरी खाल्ली, अर्धी. त्या दिवशी तिच्या बापाने आम्हा सगळ्यांना चहा पाजला. मोरीवर आता एक उंच फळी ठोकलीय. फळीच्या कडेला पोरीचं ते बक्षिसाचं चित्र चिकटवलंय, हेल्मेट घातलेल्या माणसाचं. त्याखाली काही लिहिलेलं नाही. रोज कामावर जाताना तो त्या फळीवरच्या बाटल्यांची झाकणं हाताने फिरवून बघतो आणि मग बाहेर पडतो.

मैत्रिणींनो, आज हे बोलणं संपलं की एक काम करा. उद्यावर टाकू नका. आपलं पोर जेवढं उंच आहे तेवढ्या उंचीवर गुडघे टेकून बसा आणि घरभर नजर फिरवा. मोरी, चूल, कणगी, वायर, गाडीची किल्ली. त्याच्या हाताला काय काय लागतं ते बघा. घरातल्या बापालाही शेजारी बसवा. तो हसला तर हसू द्या, पण बसवा. आणि जे सापडेल ते पुढच्या बैठकीत सांगा, आम्ही ते रजिस्टरमध्ये लिहून घेऊ. या वेळी मात्र आम्ही हसणार नाही.

नमस्कार.